लाल चिठ्ठीच्या बाटल्या

१८ मे १९८६

ही डायरी पांढुर्ण्याच्या एका संत्रा अडत्यानं वाटलेली, सन ब्याऐंशीची. वार जुळत नाहीत, म्हणून वार खोडून नुसती तारीख ठेवतो. माझ्या थोरल्या भावानं, शालिकरामदादानं, आणली होती, बगिच्यात कोणत्या ओळीला कधी पाणी दिलं ते लिहायला. दोन पानं लिहिली त्यानं. तिसऱ्या पानावर नुसत्या रेघोट्या आहेत.

मी सातवी नापास. लिहायची सवय नाही. पण मनातच ठेवलं तर राग थंड होतो, आणि मला तो थंड होऊ द्यायचा नाही.

काल सिकंदराबादला उतरलो. घरी सांगितलं बांधकामावर चाललो. बांधकाम आहेच, मोहगावचे दोघं आहेत इथं, त्यांच्याच खोलीत पडलो. पण मी आलो ते डॉक्टरीणबाईसाठी. नाव स्मिता. आडनाव लिहीत नाही, लिहिलं की ती मोठी वाटते.

तिनं काय केलं ते एकदा नीट मांडतो. तीन वर्षांमागं उन्हाळ्यात ती जीप घेऊन मोहगावला आमच्या घरी आली. दादाचे हात तेव्हा पंख्यासारखे हलायचे, लाळ गळायची. नागपूरच्या कोण्या डॉक्टरनं तिला कळवलं होतं. तिनं माय-बाबांचं रक्त घेतलं, दादाचं घेतलं, त्याच्या डोळ्यात बॅटरी मारली, फोटो काढला. धाकटी बहीण चंद्री सुईला भिऊन गुरांच्या कोठ्यात लपली. मी बगिच्यात निघून गेलो होतो, पण शेवटी शेवटी आलो आणि कुडाआडून सगळं ऐकलं. ती खाटेवर बसून म्हणाली, खाण्यापिण्यातलं तांबं सगळ्यांचं अंग बाहेर टाकतं, या मुलाचं टाकत नाही, ते लिव्हरात आणि मेंदूत साचत जातं. हे आईकडूनही आलं आणि बापाकडूनही. नात्यातच लग्नं करत गेलात म्हणून दोन्हीकडची खोट एका पोरात जमली. या मुलीला तरी नात्यात देऊ नका.

अंगण माणसांनी भरलं होतं. त्यात बोरगावची जयवंता आत्या बसली होती. माझी माय म्हणजे बाबांच्या मामाचीच पोर, आणि चंद्री आत्याच्या मधुकरची हे ती पाळण्यात होती तेव्हापासून ठरलेलं. आत्या उठली, चप्पल घातली, चहा न पिता गेली.

मग बाईनं मायचा पाण्याचा तांब्याचा गुंड पाहिला. यातलं पाणी बंद करा, म्हणाली. तो गुंड मामानं मायच्या लग्नात दिलेला. वैद्यानं दादाला त्यातलंच पाणी सांगितलं होतं, रातभर ठेवून सकाळी. म्हणजे आमची माय, आमचा मामा, आमचा वैद्य, सगळे खोटे.

तिनं दिलेल्या परदेशी गोळीनं तीन आठवड्यांत दादाची मान वाकडी झाली, पाणी गिळता येईना. मायनं गोळ्या उकिरड्यात टाकल्या. दीड वर्षानं दादा गेला. या अक्षय तृतीयेला मधुकरचं लग्न झालं, काटोलकडची पोरगी केली. चंद्रीनं दोन दिवस दार उघडलं नाही.

बाईला मारायचं नाही. मारलं की एका दिवसात संपतं. तिचं काम मारायचं आहे.

६ जून

तिचा पत्ता माझ्याजवळ आहे. ती घरी कार्डं पाठवायची, दर चार-सहा महिन्यांनी, बाकीच्या दोन्ही मुलांना तपासायला आणा म्हणून. उघडी कार्डं. पोस्टमन आधी चावडीवर वाचायचा, मग आमच्या घरी द्यायचा. मायनं एकाचंही उत्तर दिलं नाही.

आज दवाखाना पाहून आलो. तिचं खातं मागच्या बाजूला, खाली प्रयोगशाळा, वर दहा खाटा. दारावर रखवालदार नाही.

२७ जून

तीन आठवडे चकरा मारून काम भेटलं. तिच्याच प्रयोगशाळेत, बाटल्या धुवायचं. मागचा माणूस पळून गेला होता. मी नाव खोटंच सांगितलं, हिरामण, गाव नागपूर.

कामावर घेणारे भाऊराव आदिलाबादकडचे, मराठी बोलतात. पंचावन्नाचे असतील, चष्मा दोरीनं बांधलेला. त्यांनी पहिल्यांदा माझ्या हाताकडं पाहिलं आणि बोटातली तांब्याची अंगठी काढायला लावली. इथं तांबं-पितळ काही चालत नाही, नळालासुद्धा प्लास्टिकची नळी आहे. पेशंट दिवसभराची लघवी बाटलीत धरून आणतात, त्यात तांबं किती निघतं ते मशीन सांगतं. बाटली आधी साबणानं, मग तेजाबाच्या पाण्यात एक अख्खा दिवस बुडवून, मग तीनदा गाळीव पाण्यानं, मग पालथी. आतून बोट लावायचं नाही. भाऊराव म्हणाले, "मी बावीस वर्षं हेच करतो. मशीन हुशार नाही, बाटली हुशार पाहिजे."

म्हणजे सगळं बाटलीवर आहे. हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगून टाकलं.

३० जून

ती समोरून गेली. केस पांढरे झाले. माझ्याकडं पाहून म्हणाली, नवा का, हातमोजे घाल, तेजाबानं कातडी जाईल. ओळखलं नाही. ओळखणार कशी, तिनं आमच्या घरी माणसं कुठं पाहिली, रक्तच पाहिलं.

१९ जुलै

आता तिचं काम काय ते समजलं. परदेशी गोळी तिनं बरीच कमी केली. त्याऐवजी झिंकची गोळी देऊन पाहून राहिली. दवाखान्यातच बनवतात, दिल्लीच्या कोणत्या तरी कमिटीच्या परवानगीनं. झिंक पोटात गेलं की तांबं अंगात शिरत नाही म्हणे. सव्वीस पेशंट आहेत त्या गोळीवर. त्यांच्या बाटलीला लाल चिठ्ठी असते. तांबं दर महिन्याला कमी उतरत गेलं की गोळी लागू पडली. डिसेंबरात ती सगळे आकडे दिल्लीला मांडणार.

मला हसू आलं. संत्र्याचं पान पिवळं पडलं की आम्ही झिंक मारतो. तेच ही माणसाला चारते. आणि झाडाच्या खोडाला मोरचूद लावतो, ते तर निव्वळ तांबं. एवढं शिकून ही आमच्या बगिच्यातच येऊन पोहोचली.

मोरचूद. हा शब्द लिहिला आणि हात थांबला. मग सगळं एकदम समोर उभं राहिलं.

३ ऑगस्ट

चंद्रीचं कार्ड आलं. आठवी शिकली आहे ती, अक्षर माझ्याहून चांगलं. पण या वेळी मुंग्यांसारखं बारीक लिहिलं, खाली खाली घसरत गेलेलं. एवढ्याशा कार्डात सगळं गाव कोंबायचं म्हणून असंन. लिहिते की बगिच्यात आंबिया बहार चांगला आहे. पाण्याची बादली हातातून दोनदा सुटली, मायनं शिव्या दिल्या. विनाकारण हसू येतं आणि मग रडू येतं. सकाळी उशी ओली असते, माय म्हणते जंत झाले.

हसू-रडू कशाचं ते मला माहीत आहे. मधुकरचं. पोरगी झुरून राहिली. हेही बाईच्या नावावर.

मी उलट कार्ड लिहिलं की जिवाला लावून घेऊ नको, आणि मामाच्या गुंडातलं पाणी रोज सकाळी पोटभर पी. बाबांनाही लिहिलं, तिला तांब्याचंच पाणी पाजा, डॉक्टरीणबाईच्या नाकावर टिच्चून पाजा. लिहून बरं वाटलं.

१४ ऑगस्ट

लाल चिठ्ठीवाल्यात नांदेडकडची शकुंतला आहे. बावीस-तेवीस वर्षांची. आली तेव्हा दोघांनी धरून आणली होती म्हणे, आता एकटी एस.टी.नं येते. तोंड फार चालतं. बाटली घेताना उजेडात धरून पाहते आणि विचारते, "काय हिरामण, धुतली का नुसती पाणी दाखवून आणली?" मी म्हटलं, तुझ्या जिभेपेक्षा स्वच्छ आहे. तर म्हणाली, जीभ वर्षभर वळत नव्हती, आता साठलेलं काढून राहिले.

ती गेल्यावर मी काउंटरमागं उभा राहिलो. तिच्याशी माझं भांडण नाही. पण लाल चिठ्ठी तिच्या बाटलीला आहे.

२२ ऑगस्ट

भाऊरावांकडून बाईचं एक नवीन खूळ कळलं. दर महिन्याला पेशंटाकडून एक ओळ लिहून घेते, आणि अक्षर पट्टीनं मोजते. या रोगात काही जणांचे हात थरथरत नाहीत, नुसतं अक्षर बारीक होत जातं, माणूस हळू होतो, उगाच हसतो. घरच्यांना वाटतं पोर हट्टी झालं. हिला रोग पाहायला आता शाळेची वही पाहिजे.

घरी दोन कार्डं धाडली. चंद्रीचं उत्तर नाही. आळशी झाली.

५ सप्टेंबर

तिकडं पोळा झाला. दगडांची गोटमारही झाली असंन, जाम नदीच्या पात्रात पांढुर्ण्यानं आणि सावरगावानं एकमेकांची डोकी फोडली असतील. मीही उभा राहायचो, लोक म्हणायचे गुलाबचा नेम चुकत नाही.

आज माझा पहिला धोंडा सुटला. मोरचूद रंगाच्या दुकानात भेटलं. चिमटीभर पाण्यात विरघळवलं, काडीनं एक थेंब बाटलीच्या बुडाला, सुकू दिला. बारीक निळसर डाग, माहीत असल्याशिवाय दिसत नाही. लाल चिठ्ठीच्या सहा बाटल्या. पांढऱ्या चिठ्ठीच्या सगळ्या नीट धुतल्या, म्हणजे तपासायला घेतल्या तरी चोख निघतील.

पुढं गल्ती होऊ नये म्हणून तारीख आणि बाटल्या इथंच लिहीत जाईन.

१९ सप्टेंबर

लाल नऊ.

७ ऑक्टोबर

लाल अकरा. भाऊराव पुन्हा पुन्हा मशीन तपासून राहिले. जेवले नाहीत.

१६ ऑक्टोबर

मजा पाहण्यासारखी आहे. बाईनं पेशंटांना एकेकाला बोलावून विचारलं, गोळी चुकवता का, तांब्या-पितळेच्या भांड्यात काही खाता का. शकुंतलेवर तर चिडली, खोटं बोलू नको म्हणाली. शकुंतला रडत बाहेर आली. मला म्हणाली, "एक दाणा चुकवला नाही रे मी. मग अंगातून एवढं तांबं कुठून आलं?"

मी बाटल्या पालथ्या घालत राहिलो. आमच्या मायला पण असंच वाटलं होतं, दहा माणसांत. आता बाईला समजलं असंन, आपण खरं बोलून राहिलो आणि कोणी ऐकत नाही तर कसं वाटतं. नाही, ते शकुंतलेला समजलं. बाईला समजायचं आहे अजून.

३१ ऑक्टोबर

लाल आठ. दिवाळीला घरी गेलो नाही. घरून कार्ड आलं ते शेजारच्या शोभानं लिहिलेलं. चंद्रीला लिहायचा कंटाळा येते, म्हणते. जेवायला अर्धा दिवस लावते. माय तिला दोन वेळ गुंडातलं पाणी देते, तू सांगितलं तसं.

माय माझं ऐकते, हे बरं आहे.

२० नोव्हेंबर

लाल बारा. शेवटच्या.

२६ नोव्हेंबर

झालं. डिसेंबरची वाटच पाहिली नाही. दिल्लीनं आकडे आधीच मागवले आणि पत्र धाडलं की झिंकच्या गोळीनं पेशंटांचं तांबं उलट वाढून राहिलं, देणं ताबडतोब थांबवा. भाऊरावांनी गोळ्यांचे डबे कुलपात ठेवले. बाई खिडकीजवळ उभी होती, बराच वेळ. खांदे पडलेले. तीन वर्षं आमच्या घरात माय अशीच उभी राहते.

मी खोलीवर येऊन भात आणि अंड्याची भाजी केली. पोटभर खाल्लं. दादा, तुझ्या नावानं खाल्लं.

२७ नोव्हेंबर

सव्वीस पेशंटांना घरी पाठवून राहिले. शकुंतला जाताना बाटली परत द्यायला आली. या वेळी काही बोलली नाही. तिनं बोलायला पाहिजे होतं.

आता काम सोडून गावाकडं जायचं. महिना भरला की निघतो.

९ डिसेंबर

आज काय झालं ते लिहिता येईल का माहीत नाही.

दुपारी बाटल्यांचा ट्रे घेऊन ओसरीतून येत होतो. बाकावर बाबा बसले होते. डोक्याला पांढरा रुमाल, मांडीवर पिशवी. बाजूला एक पोरगी, मान एका अंगाला, तोंड उघडं. मला वाटलं बाबा दुसऱ्याच कोणाला घेऊन आले. मग तिनं पायातली चांदीची पट्टी नीट केली, डाव्या हातानं, जशी चंद्री करते.

मी धुवायच्या खोलीत शिरलो आणि दार ओढून घेतलं. मधल्या भिंतीला वर जाळी आहे. पलीकडं बाईची खोली. सगळं ऐकू आलं.

बाईनं त्यांना ओळखलं. शालिकरामचे वडील ना, म्हणाली, बसा. चंद्रीचे डोळे तपासले. मग तिनं सांगितलं की बुबुळाभोवती कडं आहे, तेच आहे. मी इतकी कार्डं पाठवली, तेव्हाच आणायचं होतं, सुरू व्हायच्या आधीच थांबवता आलं असतं.

बाबा म्हणाले, "गल्ती झाली बाई. गोळी द्या, आता नाही फेकत."

बाई म्हणाली, जी गोळी हिला द्यायला हवी ती पंधरा दिवसांपूर्वी बंद झाली. मला देता येत नाही. परदेशी गोळी कपाटात आहे, पण तुमच्या मुलाला त्याच गोळीनं आधी बिघडवलं होतं. हिची जीभ आत्ताच जड झाली आहे. मी द्यायला भिते.

अशी बाई, भिते म्हणाली. बाबांना. ही गोष्ट मला तीन वर्षं ऐकायची होती, आणि ऐकली तेव्हा माझ्या हातात ट्रे होता आणि तो खाली ठेवता येत नव्हता.

मग तिनं विचारलं, तांब्याच्या भांड्यातलं पाणी तरी बंद आहे ना. बाबा म्हणाले, "बंदच होतं बाई, धाकटा पोरगा इकडं आल्यावर मायनं भिऊन गुंड माळ्यावर टाकला होता. मंग आमच्या गुलाबचं कार्ड आलं. तो इथंच हैदराबादेत हाये, बांधकामावर. त्यानं लिहिलं का चंद्रीले तांब्याचंच पानी पाजा. म्हून पाजत राह्यलो. दोन टाइम."

गुंड बंद होता, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

१० डिसेंबर

कामावर गेलो नाही. पाण्याच्या टाकीवर बसून राहिलो. दोन रस्ते आहेत. एक, चुपचाप बाबांजवळ जायचं, मी बांधकामावरून आलो म्हणायचं, आणि तिघांनी गावी परत जायचं. बाई हरलेली राहील. चंद्री दादासारखी जाईल. दीड वर्ष, फार तर दोन.

दुसरा लिहीत नाही.

बाईवरचा राग अजून आहे. तो गेला असता तर सोपं झालं असतं.

११ डिसेंबर

सकाळी तिच्या खोलीत गेलो. भाऊरावही होते. मी म्हटलं, माझं नाव हिरामण नाही, गुलाब कवडू, मोहगाव. लाल चिठ्ठीच्या बाटल्यात मी मोरचूद टाकलं.

भाऊराव खुर्चीवरून उठले. मला वाटलं मारतील. मारलं नाही. चष्मा काढून पुसला आणि परत घातलाच नाही.

बाईनं विचारलं, "किती बाटल्या? कोणत्या तारखांना?"

काऊन केलं, हे विचारलं नाही. मी सांगायची तयारी करून गेलो होतो, अंगण, आत्या, दादाची मान, सगळं. तिनं पुन्हा तारखाच विचारल्या. मी म्हटलं, लिहून ठेवल्या आहेत. ही डायरी टेबलावर ठेवली. मग सुचलं आत काय काय लिहिलं आहे, तर म्हटलं तेवढी पानं फाडून देतो. ती म्हणाली, "फाडायचं नाही. सलग पाहिजे, नाहीतर दिल्लीत कोणी मानणार नाही."

माझ्यासमोर पहिल्या पानापासून वाचली. आडनाव लिहीत नाही, तिथं थांबली नाही. रक्तच पाहिलं, तिथंही नाही. १८ मे ला परत गेली, दोनदा वाचलं. सप्टेंबरवर आली आणि कागदावर आकडे काढू लागली. एकदाच वर पाहून म्हणाली, हा सहा आहे का नऊ. मी म्हटलं, नऊ.

वाचून झाल्यावर ती म्हणाली की पोलिसात देता येईल आणि द्यायलाही पाहिजे, भाऊरावांचंही तेच मत आहे. पण तू आत गेलास तर ही वही कोर्टात जाईल आणि मला वर्षभर भेटणार नाही. तू लिहून सही कर. नोकरी आजपासून संपली.

मी सही केली. निघताना ती म्हणाली, "अंगणात बोलायला नको होतं. ते माझं चुकलं."

मला ते पाहिजे होतं. भेटलं. घेऊन ओसरीत उभा राहिलो, आणि काय करायचं त्याचं ते कळलं नाही.

१२ डिसेंबर

बाबांना सांगितलं. बाबांनी चंद्रीच्या अंगावरची चादर सारखी केली, बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं, परत येऊन माझ्याकडं पाठ करून बसले. रक्त मीही दिलं, डोळे दाखवले. माझ्यात तो रोग नाही, अर्धी खोट असंन म्हणाले, तिनं काही होत नाही.

९ जानेवारी १९८७

डायरी परत भेटली. सगळ्या तारखांवर लाल पेन्सिलीच्या खुणा. मी खराब केलेल्या शेहेचाळीस बाटल्या वगळून दिल्लीनं बाकीचे आकडे पुन्हा लावले. गोळी कमी करत होती. परवानगी परत आली. शकुंतलेला आणि बाकीच्यांना तारा गेल्या.

चंद्रीची पहिली गोळी काल दिली. दिवसातून तीनदा, उपाशी पोटी. दोनदा ओकली. मी भरवतो, भांडी स्टीलची. चार घास खायला तास लागतो. बाई सांगते की जीभ सुटेल, किती सुटेल ते सांगता येत नाही. मान सरळ होईल का विचारलं तर कागदावर पुढच्या तपासणीची तारीख लिहिली.

चंद्रीला मी स्वतः सांगितलं, कार्डाचं आणि बाटल्यांचं. तिला समजायला उशीर लागत नाही, नुसतं तोंडातून निघायला लागतो. तिनं हातातला पेला माझ्या अंगावर रिकामा केला. थरथरून नाही सांडला. नेम धरून.

१५ जानेवारी

शकुंतला आली. भाऊरावांनी तिला सांगितलेलं दिसतं. ओसरीत माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या बाटलीला हात लावू नको." मी म्हटलं आता मी धूत नाही. तरी तिनं बाटली पदराखाली घेतली.

२१ जानेवारी

बाबा गावी जाऊन आले, आज परतले. बातमी आणली. बोरगावच्या मधुकरचा हात हलायला लागला. सोसायटीत अंगठा द्यावा लागला, सही जमेना. आत्या म्हणते थंडीनं होते. नव्या सुनेपासून लपवून ठेवलं आहे. दादाच्या वेळेस आम्ही ज्या वैद्याकडं गेलो त्याच्याकडंच गेले.

ऐकून मला बरं वाटलं. लिहून ठेवतो, बरं वाटलं. रात्रीपर्यंत वाटत राहिलं.

२३ जानेवारी

बाबांनी बाईला सांगितलं असावं. तिनं मला बोलावून कार्डं दिली, तुमच्या नात्यातल्या सगळ्या घरांना लिही, मी लिहिलं तर येत नाहीत, तुझं ऐकतील. आठ घरांना लिहिली. बोरगावचं राहिलं.

राहू दिलं तर कोणाला कळणार. मला काही टाकायचं नाही, काही फोडायचं नाही. नुसतं लिहायचं नाही.

२८ जानेवारी

आज लिहिलं. कार्डावरच, उघडं, मोठ्या अक्षरात, म्हणजे बोरगावच्या पोस्टमनला चष्मा लागणार नाही. "जयवंता आत्यास. तुमच्या मधुकरच्या हाताला लागलं ते थंडीचं नाही, आमच्याच घरचं आहे. आमच्या चंद्रीला खोटी म्हणून टाकलं, आता घरातली खोट सुनेला दाखवा. जगवायचा असंन तर हैदराबादेस आणा, आणि येताना आमच्या अंगणातून या." फार चांगलं जमलं. एकही शब्द वाया नाही.

चंद्रीला वाचून दाखवलं. ती हसली. आजकाल तिचं हसू कोणतं खरं आणि कोणतं रोगाचं ते कळत नाही, पण हे खरं होतं. मग तिनं कार्ड हातात घेतलं, धरून ठेवलं आणि बोलायला लागली. मी थांबलो.

"तिला... वाचता येते," ती म्हणाली.

मी विचारलं कोणाला.

"त्याच्या बायकोला. दहावी आहे." लाळ पुसली. "अशी... नको कळायला."

मी म्हटलं, आपल्याला कळलं तेव्हा कोणी पाहिलं होतं. तिनं कार्ड परत दिलं नाही. मला दुपारी गोळीच्या वेळेस ते तिच्या मुठीतून सोडवावं लागलं.

संध्याकाळी पोस्टातून आंतरदेशीय पत्र आणलं, बंद करायचं. त्यात एवढंच लिहिलं की मधुकरला घेऊन लवकर या, गोळी आहे, पाणी स्टीलच्या भांड्यातलं द्या, खोलीची सोय मी करतो, सुनेला तुम्ही स्वतः सांगा. खाली गुलाब. तिन्ही कडांना खळ लावली, बोटानं दाबली, सुकू दिली आणि पेटीत टाकलं.

ते कार्ड फाडलं नाही. फाडवत नाही. डायरीच्या मागच्या खिशात ठेवलं आहे.